झिओलाइटचं पहिलं वर्ष: ॲल्युमिनियम कुठं आहे आणि पाणी कुठून येणार

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कधी गेला असाल तर झिओलाइट तुमच्या डोळ्यांखालून गेलेलं आहे. तिथं त्याला ‘मॉलिक्युलर सिव्ह’ म्हणतात. उंच टाक्यांत भरलेले मळकट पांढरे मणी. साधं ऊर्ध्वपातन कितीही वेळा करा, इथेनॉल वजनानं ९५.६ टक्क्यांपाशी अडतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ९९.५ च्या वर जावं लागतं, आणि ते उरलेलं पाणी हे मणी ओढून घेतात. त्यांच्या छिद्राचं तोंड साधारण ३ अँगस्ट्रॉमचं. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा ४.४ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा रेणू दारातच थांबतो.

हे तोंड मुळात ३ चं नसतं. मूळ पदार्थात सोडियम असतो आणि तोंड ४ अँगस्ट्रॉमच्या जवळपास असतं. सोडियम काढून तिथं त्याच्याहून थोराड पोटॅशियम बसवला की दार अरुंद होतं. बांधणी तीच, आत राहणारा भाडेकरू बदलला. पुढं हेच मणी दिवसरात्र भरतात, रिकामे होतात, पुन्हा भरतात. कधी वाफेऐवजी पातळ पाणी बेडवर पडलं तर त्यांचा भुगा होतो आणि ऑपरेटर कपाळाला हात लावतो. रचना, बदल आणि टिकाऊपणा असे आपले तिन्ही विषय त्या एका टाकीत आहेत. फरक एवढाच, की तिथं झिओलाइट शोषक म्हणून बसलंय आणि तुम्हाला त्याच्याकडून उत्प्रेरकाचं काम करून घ्यायचंय.

एम.एस्सी. संपवून नुकतेच पीएच.डी.ला लागलेले, गाईडनं हातात पांढऱ्या पावडरची बाटली देऊन ‘यावर काहीतरी कर’ असं सांगितलेले जे कुणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझंही असंच झालं होतं. पहिलं वर्ष मी पावडरवर काय काय ओतायचं यात घालवलं. ते घालवण्याआधी दोन प्रश्न कुणी विचारायला लावले असते तर बरं झालं असतं: या पावडरीतलं ॲल्युमिनियम कुठं आहे? आणि माझ्या अभिक्रियेत पाणी कुठून, कुठल्या रूपात येणार आहे?

आधी बांधणी समजून घ्या

सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असा चौफळी तुकडा. प्रत्येक ऑक्सिजन दोन तुकड्यांत सामाईक. असे तुकडे जोडत गेलात की वळ्या, पिंजरे, बोगदे तयार होतात. सगळे तुकडे सिलिकॉनचेच असतील तर जाळीवर भार नसतो आणि उत्प्रेरक म्हणून तिचा फारसा उपयोगही नसतो. काही जागी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसलं की तिथं एक ऋणभार उरतो. तो फेडायला जवळ धनभारी आयन लागतो. तो सोडियम असला तर पदार्थ थंड. प्रोटॉन असला तर तीच जागा जोरदार आम्ल होते, आणि हीच तुमची सक्रिय जागा. म्हणजे ॲल्युमिनियम मोजलं की काम करणारे हात मोजले, निदान कागदावर तरी.

दोन ॲल्युमिनियम एकाच ऑक्सिजनवर शेजारी बसत नाहीत. हा लोवेनस्टाइनचा नियम. त्यामुळं जाळीतलं सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर १ च्या खाली जात नाही.

पहिल्या महिन्यात चार बांधण्या ओळखीच्या करून घ्या. प्रत्येकीला तीन अक्षरी संकेत आहे आणि आंतरराष्ट्रीय झिओलाइट संघटनेच्या संकेतस्थळावर तो टाकून ती संगणकावर फिरवून बघता येते. अडीचशेहून जास्त बांधण्या आहेत. सगळ्यांच्या मागं लागू नका.

एफएयू म्हणजे वाय आणि एक्स झिओलाइट. दारं १२ तुकड्यांच्या वळीची, ७.४ अँगस्ट्रॉम रुंद, आत त्याहून मोठा दिवाणखाना. पेट्रोलियम शुद्धीकरणातला हा घोडा १९६० च्या दशकापासून धावतोय. एमएफआय म्हणजे झेडएसएम-५. १० तुकड्यांची वळी, साधारण ५.५ अँगस्ट्रॉमचे एकमेकांना छेदणारे बोगदे, दिवाणखाना नाहीच. मोबिल कंपनीचं त्यावरचं पेटंट १९७२ चं. बीटा हा १२ वळीचा, पण वाढतानाच रचनेत दोष घेऊन येणारा. आणि चौथी सीएचए, ८ तुकड्यांची वळी, ३.८ अँगस्ट्रॉम. तिच्याकडं शेवटी येऊ, कारण तिचा टिकाऊपणा भलत्याच कारणानं आहे.

छिद्राचा आकार रेणूची निवड करतो, हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते खरं वाटायला झायलिनचं उदाहरण घ्या. पॅरा, मेटा आणि ऑर्थो, वजन अगदी सारखं. पण पॅरा सडपातळ, सुमारे ५.८ अँगस्ट्रॉम, बाकी दोघे ६.८ च्या घरात. झेडएसएम-५ च्या बोगद्यातून पॅरा सटकन निघून जातो, बाकीचे गर्दीत अडकलेल्या माणसासारखे आतल्या आत फिरत राहतात आणि फिरता फिरता तेही पॅरा होऊन बाहेर पडतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० च्या दशकात झायलिनसाठी ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक तयार केला, तोही याच कुळातल्या विचारानं. आपल्या कोल्हापूरपासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर हे काम झालंय, म्हणून आवर्जून सांगितलं.

बाटलीवरचा आकडा वाचताना

नवशिक्यांची सगळ्यात जास्त गफलत इथं होते. विक्रेता लिहितो ३०. तो आकडा सिलिका-ॲल्युमिना गुणोत्तराचा असतो. ॲल्युमिनाच्या सूत्रात दोन ॲल्युमिनियम, म्हणून सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर त्याच्या निम्मं, १५. शोधनिबंधांत कुणी एक लिहितो, कुणी दुसरं. तुमच्या वहीत पहिल्या पानावर ठरवून टाका की तुम्ही कुठलं लिहिणार.

मग हिशोब करा. कोरड्या प्रोटॉन-रूपातल्या झिओलाइटचा एक तुकडा साधारण ६० ग्रॅम प्रति मोल. गुणोत्तर १५ असेल तर १६ तुकड्यांत एक ॲल्युमिनियम. १६ गुणिले ६० म्हणजे ९६० ग्रॅममागं एक मोल, म्हणजेच ग्रॅममागं १.०४ मिलिमोल आम्ल जागा. गुणोत्तर ४० असेल तर ०.४१. हा आकडा तुमची कमाल मर्यादा. उद्या अमोनिया-टीपीडीनं (अमोनिया शोषवून, तापवत नेऊन तो कधी आणि किती सुटतो ते मोजायची चाचणी) १.८ मिलिमोल दाखवले तर आनंदानं उड्या मारू नका. कमी तापमानाच्या शिखरातला बराचसा अमोनिया नुसता चिकटलेला असतो, तो आम्ल जागेवरचा नसतो. वरच्या तापमानाचं, साधारण ३५० ते ४५० अंशांतलं शिखर बघा.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

मूळ पावडरचा एक्सआरडी (स्फटिकाची ओळख पटवणारा क्ष-किरण आलेख) काढा, छिद्रं मोजायला नायट्रोजन शोषण काढा आणि ‘जळून गेलेलं वजन’ काढा. हे तिसरं कुणी करत नाही. ओलसर हवेत ठेवलेल्या वाय झिओलाइटमध्ये वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं पाणी असू शकतं, झेडएसएम-५ मध्ये त्याहून बरंच कमी. आपल्याकडं जूनच्या मध्यापासून रंकाळा तलाव भरायला लागतो आणि प्रयोगशाळेतली प्रत्येक उघडी बाटलीही. जुलैत वजन केलेला ०.५ ग्रॅम उत्प्रेरक आणि एप्रिलमधला ०.५ ग्रॅम हे दोन वेगळे प्रयोग आहेत. माझे पहिल्या पावसाळ्यातले सगळे आकडे उन्हाळ्यातल्या आकड्यांशी जुळेनात. दोष जीसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) देत बसलो आणि कॉलम बदलायला लावला. दोष तराजूवरच्या हवेत होता.

उपाय सोपा आहे. थोडी पावडर एका क्रुसिबलमध्ये वजन करून ५५० अंशांवर दोन तास तापवा, डेसिकेटरमध्ये गार करा, पुन्हा वजन करा. गार करताना सिलिका जेल निळं आहे ना ते बघा. गुलाबी जेलपेक्षा झिओलाइट जास्त तहानलेलं असतं, ते उलट जेलमधलंच पाणी ओढतं. यापुढचं प्रत्येक वजन कोरड्या वजनावर लिहा.

एक्सआरडीत एफएयूचं पहिलं शिखर दोन-थीटा ६.२ अंशांच्या आसपास येतं. एमएफआयची ७.९ आणि ८.८ ला जोडी आणि २३ ते २४.५ मध्ये झुपका. स्फटिकपणाची तुलना झुपक्यावरून करा. लहान कोनाची जोडी छिद्रात काय भरलंय त्यावर कमी-जास्त होते. झिओलाइट ज्याच्याभोवती वाढतं तो सेंद्रिय साचा जाळला की ती एकदम उंचावते आणि पोरं लिहितात ‘स्फटिकपणा वाढला’. वाढलेला नसतो.

साचा जाळणे आणि अमोनियम बदल

स्वतः बनवलेलं झेडएसएम-५ असेल तर बोगद्यांत टेट्राप्रोपाइल अमोनियमचा साचा अडकलेला असतो. शिरोलीच्या फौंड्रीत ज्यानं कोअर पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पोकळी हवी तिथं कोअर ठेवायचा, ओतकाम झालं की तो फोडून काढायचा. इथं फोडता येत नाही, जाळावं लागतं: हवेच्या प्रवाहात, मिनिटाला १ ते २ अंश अशा सावकाश चढानं ५५० पर्यंत, मग पाच-सहा तास. घाईनं तापवलं तर आतल्या आत कोळसा होतो आणि पावडर राखाडी निघते. राखाडी पावडर ‘चालेल’ म्हणून पुढं नेऊ नका.

आता सोडियम काढायचा. एक मोलर अमोनियम नायट्रेट किंवा क्लोराइड, ग्रॅममागं १० ते २० मिलिलिटर, ८० अंशांवर दोन तास ढवळत. गाळा, धुवा, पुन्हा करा. एकूण तीन वेळा. धुवायला ऊर्ध्वपातित किंवा डीआय पाणी. विंधन विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आनंदानं आत जाऊन बसतो आणि तुम्ही काढलेल्या सोडियमची जागा घेतो. क्लोराइड वापरलं असेल तर गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून दुधाळपणा जातोय का बघा. नायट्रेट वापरलं असेल तर धुण्यात कंजूषपणा करू नका, उरलेलं अमोनियम नायट्रेट भट्टीत नेणं धोक्याचं.

वाय झिओलाइटमध्ये तीन वेळा करूनही काही सोडियम हटत नाही, कारण तो लहान पिंजऱ्यांत आणि षट्कोनी नळकांड्यांत लपलेला असतो. मध्ये एकदा तापवून घ्या म्हणजे तो जागा सोडतो, मग पुन्हा अमोनियम बदल करा.

यानंतर ११० अंशांवर सुकवा आणि ५०० ते ५५० ला भाजा. अमोनिया उडून जातो, प्रोटॉन मागं राहतो. इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. वेळ वाचवायला मी क्रुसिबल काठोकाठ भरलं, झाकण ठेवलं आणि रात्री भट्टी लावून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पावडर पांढरीशुभ्र, मी खूश. एक्सआरडीत सगळी शिखरं थोडी उजवीकडं सरकलेली. ऑपरेटर म्हणाला, सॅम्पल होल्डर नीट बसला नसेल. तीनदा काढलं, तीनदा तेच. जाड थरातून पाणी आणि अमोनिया बाहेर पडू शकले नव्हते. पावडर स्वतःच्याच वाफेत शिजली, जाळीतून ॲल्युमिनियम बाहेर आलं आणि जाळी आक्रसली. नकळत मी अर्धवट ‘यूएसवाय’ बनवला होता, म्हणजे वाफेनं जाळीतलं ॲल्युमिनियम कमी केलेला वाय, जो उद्योगात मुद्दाम बनवतात. म्हणून पातळ थर, रुंद बशी, वाहती हवा. आणि रात्री वीज जाऊन परत आली तर भट्टीचा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो की बंद पडतो, हे आधीच माहीत करून घ्या.

त्या आक्रसण्याचा हिशोबही करता येतो. वाय झिओलाइटच्या एकक पेशीची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या घनाची) बाजू अँगस्ट्रॉममध्ये मोजा, तीतून २४.१९१ वजा करा, ११५.२ नं गुणा. पेशीतल्या १९२ तुकड्यांपैकी किती ॲल्युमिनियम जाळीत उरलंय ते मिळतं. ब्रेक आणि फ्लॅनिजेन यांचं सूत्र. २४.६५ अँगस्ट्रॉमला ५३ च्या आसपास, म्हणजे गुणोत्तर २.६. २४.३० ला १२-१३, म्हणजे गुणोत्तर १४. आयसीपीला (पावडर विरघळवून एकूण मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) यातला फरक कळत नाही, कारण बाहेर पडलेलं ॲल्युमिनियम छिद्रातच पडून असतं आणि एकूण मोजणीत येतं. ॲल्युमिनियम किती आहे आणि कुठं आहे, हे दोन वेगळे प्रश्न का, ते इथं कळतं.

बदल करायचेच असतील तर

आधी तक्रार लिहा, मग औषध निवडा. ‘फॉस्फरस घालून बघू’ ही तक्रार नव्हे.

तक्रार अशी असेल की आम्ल जागा फार दाट आहेत, कोळसा लवकर धरतो, वाफेत पदार्थ टिकत नाही: ॲल्युमिनियम कमी करा. नियंत्रित वाफ, ६०० ते ७०० अंश. वाफेनं ॲल्युमिनियम सुटतं, मागं खड्डा पडतो, आणि जाळीतूनच सरकून आलेलं सिलिकॉन तो बराचसा बुजवतं. न बुजलेले खड्डे मिसळून मोठी पोकळी होते. मग सौम्य आम्लानं छिद्रातला मलबा धुवून काढायचा. ऑक्झॅलिक आम्ल यासाठी मला आवडतं, ते ॲल्युमिनियमला धरून बाहेर नेतं. जाळीतल्या आणि बाहेरच्या ॲल्युमिनियमचा निवाडा घन-अवस्थेतल्या ॲल्युमिनियम एनएमआरनं होतो: ६० पीपीएमजवळ जाळीतलं, शून्याजवळ बाहेरचं, मधे ३० च्या आसपास वाकडंतिकडं बसलेलं. सॅम्पल पाठवण्याआधी मिठाच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये दोन दिवस ठेवून ओलं करा. कोरड्या सॅम्पलमध्ये काही ॲल्युमिनियम दिसतच नाही आणि तुम्ही ते गेलं असं समजता. आयुष्यात एवढ्याच वेळी झिओलाइट मुद्दाम ओलं करायचंय.

तक्रार अशी असेल की रेणू बोगद्यात अडकतात: सिलिकॉन काढून मध्यम छिद्रं पाडा. झेडएसएम-५ साठी गाजलेली कृती अशी: ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १०० मिलिलिटरला ३.३ ग्रॅम पावडर, ६५ अंश, ३० मिनिटं, मग बर्फात ठेवून थांबवा. मूळ गुणोत्तर २५ ते ५० च्या मधलं असेल तरच छान जमतं. त्याहून कमी असेल तर ॲल्युमिनियम सिलिकॉनला राखतं आणि काहीच होत नाही. फार जास्त असेल तर चाळणीऐवजी भगदाड पडतं. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वजन जाऊ शकतं, त्याची तयारी ठेवा. आणि नंतर पुन्हा अमोनियम बदल करायला विसरू नका, कारण आता सगळीकडं सोडियम आहे. ही पायरी गाळून ‘मध्यम छिद्रांमुळं क्रियाशीलता घटली’ असा निष्कर्ष काढलेली एक सादरीकरणं-मालिका मी स्वतः ऐकलीय.

झेडएसएम-५ वाफेत टिकत नाही अशी तक्रार असेल तर फॉस्फरस. फॉस्फरिक आम्ल किंवा डायअमोनियम फॉस्फेट, ॲल्युमिनियमच्या अर्ध्यापासून बरोबरीपर्यंत मोलमध्ये, भिजवून सुकवून भाजायचं. ताज्या उत्प्रेरकाची आम्लता घटते, त्यामुळं पहिला निकाल बघून लोक हिरमुसतात. पण वाफ दिल्यानंतर तुलना करा. साधं झेडएसएम-५ बरंच काही गमावून बसलेलं असतं, फॉस्फरसवालं त्याहून जास्त जागा राखून असतं. शुद्धीकरण कारखान्यात प्रोपिलीन वाढवायला घालतात ते झेडएसएम-५ असंच फॉस्फरसनं सावरलेलं असतं. जास्त घातलात तर छिद्रं बुजतात.

वाय झिओलाइटला तेच काम लँथॅनमसारखे दुर्मिळ मृदा आयन करतात.

उसाच्या चिपाडाच्या किंवा भाताच्या तुसाच्या राखेतून झिओलाइट बनवायचा मोह आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना होतो. राख फुकट, सिलिका भरपूर, आणि बॉक्साइटही राधानगरी-शाहूवाडीकडं आहे. कल्पना चांगली, पण राखेत पोटॅशियम आणि लोह असतं, आणि प्रत्येक हंगामाची राख निराळी. पहिल्या वर्षी बाजारातलं प्रमाण झिओलाइट घेऊन हात बसवा, राखेचं नंतर बघा.

तीन प्रकारचं पाणी

१७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटनं एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरलं आणि ते फसफसून उकळल्यासारखं दिसलं. म्हणून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट सापडतात, ते याच कुळातले. लाव्हा थिजल्यावर त्यात फिरलेल्या गरम पाण्यानं ते वाढवले. पाण्यात जन्मलेला हा पदार्थ पाण्यानंच मरतो. पण कुठल्या पाण्यानं, यावर सगळं आहे.

कोरडी उष्णता सगळ्यात कमी त्रासाची. सिलिकॉन जितकं जास्त तितकं जास्त तापमान सोसतं. ॲल्युमिनियमनं ठासलेलं झिओलाइट ए ७०० च्या पुढं कोसळतं, तर जवळजवळ शुद्ध सिलिकाचं एमएफआय १००० च्या वरही उभं राहतं.

वाफ वेगळी. ती ॲल्युमिनियम-ऑक्सिजन बंधावर चालून जाते आणि एकेक ॲल्युमिनियम उपटते. इथंही जास्त सिलिकॉन फायद्याचं, म्हणूनच यूएसवाय उद्योगात टिकला. शुद्धीकरण कारखान्यातला पुनर्जनक, म्हणजे उत्प्रेरकावरचा कोळसा जाळायची भट्टी, ७०० अंशांच्या वर वाफेसकट चालतो.

आणि आता उलटं. गरम पातळ पाणी, १५० ते २०० अंश, बंद ऑटोक्लेव्हमध्ये. चिपाडातल्या झायलोजपासून फरफ्युरल करायला निघालेल्या प्रत्येकाची हीच परिस्थिती असते. इथं जास्त सिलिकॉनचा यूएसवाय, वाफेतला तो पैलवान, काही तासांत आखाड्यात लोळतो. १४ किंवा त्याहून वरच्या गुणोत्तराचा वाय या तापमानात अस्फटिक झालेला दिसतो, तर झेडएसएम-५ ची बांधणी जवळजवळ तशीच राहते. कारण पातळ पाणी ॲल्युमिनियमच्या मागं लागत नाही. ते सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध तोडतं, आणि सुरुवात करतं ती दोषांपासून, न बुजलेल्या खड्ड्यांतल्या सिलॅनॉल (सिलिकॉनला चिकटलेल्या हायड्रॉक्सिल) गटांपासून. वाफेनं ॲल्युमिनियम काढताना आपणच ते खड्डे पाडलेले असतात. वाफेसाठी केलेला उपचार पातळ पाण्यात आजार ठरतो. पाण्यातच काम करायचं असेल तर दोष कमी असलेलं झेडएसएम-५ घ्या, किंवा सिलॅनॉल गट सिलेननं झाकून पृष्ठभाग पाण्याला नकोसा करा.

पाणी तुम्ही घातलं नाही म्हणून ते नाही, असं समजू नका. इथेनॉलपासून इथिलीन करताना प्रत्येक रेणूमागं एक पाणी तयार होतं, म्हणजे भट्टीत वाफ आहेच. कोळसा जाळतानाही हायड्रोजनचं पाणी होतं, आणि तेही ५५० अंशांवर, ठिकठिकाणी त्याहून गरम. कित्येक उत्प्रेरक अभिक्रियेत मरत नाहीत, पुनर्जीवनात मरतात. म्हणून जाळताना आधी नायट्रोजनमध्ये थोडीच हवा मिसळा, रंग उजळला की मग पूर्ण हवा.

सीएचएचं सांगायचं राहिलं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक आलं, आणि अनेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात नायट्रोजन ऑक्साइड मारायला तांबं घातलेलं सीएचए झिओलाइट बसलं. ८०० अंशांची वाफ खाऊनही ते उभं राहतं. त्याची दारं ३.८ अँगस्ट्रॉमची. सुटलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड त्याहून मोठं, बाहेर पडायला वाटच नाही. मोठ्या दारांच्या बांधणीतून जे कायमचं निघून जातं ते इथं घरातच अडकतं. ॲल्युमिनियम पळून जाऊ नये म्हणून बंध मजबूत करायचे हा एक मार्ग. दार लहान ठेवायचं हा दुसरा, आणि तो मला अजूनही जास्त हुशार वाटतो.

मेला म्हणजे नक्की काय झालं

क्रियाशीलता घटली की या क्रमानं तपासा. आधी हवेत जाळा. परत आली तर कोळसा होता. नाही आली तर अमोनियम बदल करून भाजा. आता आली तर सोडियम किंवा पोटॅशियमनं प्रोटॉन ढकलून दिला होता, चिपाडाच्या अर्कांत हे हमखास. तरीही नाही आली तर एक्सआरडी आणि सूक्ष्मछिद्रांचं आकारमान बघा. शिखरं शाबूत पण आम्लता गेली असेल तर ॲल्युमिनियम जाळीबाहेर पडलंय. शिखरंच गेली असतील आणि २० ते ३० अंशांत कुबड आलं असेल तर बांधणी गेली, नवी पावडर घ्या. पायरिडीन आयआरची (पायरिडीन चिकटवून आम्ल जागेचा प्रकार ओळखायची अवरक्त चाचणी) सोय असेल तर प्रति सेंटीमीटर १५४५ ला प्रोटॉन-आम्ल आणि १४५५ ला लुईस-आम्ल, हे दोन पट्टे आधी-नंतर ठेवून बघा. ॲल्युमिनियम बाहेर पडताना सहसा पहिला खाली जातो आणि दुसरा वर येतो.

आणि एक राग काढून टाकतो. पाच वेळा वापरला, पाचही वेळा ९८ टक्के रूपांतर, पाच सारखे उंच खांब, खाली ओळ: ‘उत्प्रेरक स्थिर आहे’. यातून काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या वीस मिनिटांत काम संपत असेल आणि तुम्ही सहा तास ढवळत असाल, तर अर्धा उत्प्रेरक मेला तरी खांब तेवढाच उंच येईल. पुनर्वापराची चाचणी २० ते ४० टक्के रूपांतरावर थांबवून करा. मधेच एकदा गरम असतानाच गाळून द्रव पुढं चालवा. उत्प्रेरक नसतानाही अभिक्रिया पुढं सरकत असेल तर काहीतरी विरघळून द्रवात गेलंय. गाईडला खांब बुटके दिसतील, समजावून सांगा.

तयार झालेलं प्रोटॉन-रूप महिनोन्‌महिने बाटलीत ठेवू नका. वायचं प्रोटॉन-रूप दमट हवेत हळूहळू स्फटिकपणा घालवतं. साठवायचं ते अमोनियम-रूप, आणि लागेल तेवढंच आदल्या दिवशी भाजायचं. बाटलीवर तारीख, कुठलं रूप, गुणोत्तर आणि ते कुठलं गुणोत्तर, किती वेळा बदल केला, कितीला आणि किती जाड थरात भाजलं, हे सगळं लिहा. पेन्सिलीनं लिहा. शाईचं लेबल पहिल्या ॲसिटोनच्या थेंबाला जातं. माझ्या कपाटात अजून सात पांढऱ्या बाटल्या आहेत, त्यातली यूएसवाय कुठली ते मला सांगता येत नाही.